यंदा देव कोरडे

बर्मिंगहॅम,
१२ जानेवारी २०२५

ती. आईस,

साष्टांग नमस्कार. डावा गुडघा टेकत नाही, त्यामुळे आठातलं एक अंग कमी धर.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तू "जेवलीस का" विचारतेस, मी "हो" म्हणते, आणि तू लगेच फोन बाबांकडे देतेस. दोन वर्षं आपलं एवढंच बोलणं चाललंय. म्हणून म्हटलं, जुन्या वाटेनं जावं. ऑस्ट्रियातल्या स्की शाळेत आठवडाभर आमचे फोन कुलपात असायचे, तेव्हा तू दर सोमवारी पत्र टाकायचीस आणि माझं उत्तर लाल पेननं तपासून परत पाठवायचीस. बाकीच्या मुलींना घरून चॉकलेट यायचं, मला शुद्धलेखन. हेही तपास हवं तर.

शुक्रवारी इथे सर्जनबाई भेटल्या. एप्रिलमध्ये गुडघा बदलायचा ठरलंय. त्यानंतर चालणं, पोहणं, सायकल सगळं जमेल, स्की मात्र कधीच नाही. मी विचारलं, "एकदासुद्धा नाही?" त्या म्हणाल्या, हवं तर ऑपरेशनच्या आधी एकदा, सावकाश, आणि मग स्कीज कुणाला तरी देऊन टाक.

तर मार्चमध्ये हॉर्नवाल्डला सीझनची शेवटची डाउनहिल शर्यत आहे. आमच्यात एक पद्धत आहे, तुला कधी सांगितली नव्हती. निवृत्त होणारी मुलगी त्या दिवशी वेळ लावायला उतरत नाही. रेसचा सूट न घालता घरचा, गावचा पोशाख घालते, हळूहळू खाली येते, वाटेत थांबून कोच लोकांना मिठ्या मारते. आणि खाली फिनिशला तिच्या घरचे उभे असतात. माझी नॉर्वेची मैत्रीण तिच्या आजीचा लोकरी झगा घालून आली होती, आम्ही सगळ्या रडलो. मला तुझी हिरवी नऊवारी हवी आहे. तिच्यात पाय मोकळे राहतात, खाली बूट बांधता येतात.

आणि फिनिशला तू हवी आहेस. ज्या उतारावर मी तीनदा जिंकले तिथे तू एकदाही आली नाहीस. कुठेच आली नाहीस. कारण मला माहीत आहे, पिनरच्या सगळ्या मराठी मंडळाला माहीत आहे: तू घरी देव पाण्यात ठेवून बसायचीस. मंडळाच्या अंकात छापून आलं होतं, 'आईने देव पाण्यात ठेवले, लेकीने सुवर्ण आणले'. त्यानंतर माझी रेस असली की मंडळातल्या चार घरचे देव भिजायचे.

पण अपघातानंतर तू ते बंद केलंस. बाबा बोलून गेले एकदा. मागच्या हिवाळ्यात मी परत उतरून पाहिलं तेव्हाही ताम्हण कोरडंच होतं. मी एकोणिसावी आले. मला कळतं गं, देवांना तरी उगाच किती भिजवायचं.

ये ना, आई. यावेळी जिंकायचं नाहीये.

तुझी,
अन्वी

*

पिनर,
२१ जानेवारी

चि. अन्वीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तीन चुका आहेत, कुठे ते सांगत नाही.

इकडे बॉयलर बंद पडला होता. दुरुस्तीवाल्याला त्याच्या शेजारचं देवघराचं कपाट उघडून पाइप बघायचा होता. मी देव हलवेपर्यंत बिचारा बूट काढून उभा राहिला. हळदीकुंकू चर्चच्या हॉलमध्ये झालं. मंडळातल्या कस्तुरीनं तिळाच्या वड्या छान केल्या होत्या, दाताला लागतील एवढ्याच कडक. सगळ्या तुझी चौकशी करत होत्या. ठीक आहे म्हटलं.

साडी काढली आहे. ऊन दाखवायचं म्हणते, पण आधी मला ते दिसू दे. पोस्टानं पाठवते. पण नेसवणार कोण तुला? सहावारी तुझ्या अंगावर पिनांच्या जोरावर टिकते. काष्टा घट्ट बसला नाही तर मध्येच सुटेल आणि जगभर शोभा. तुझी वीणामावशी तिथे तुझ्यापासून दोन बस अंतरावर राहते, तिच्याकडे जाऊन शिकून घे. आम्हा बहिणींत नऊवारी तीच नीट नेसते.

माझं यायचं म्हणशील तर जमेलसं वाटत नाही. बाबांचं ब्लडप्रेशर, घर, शिवाय मला बर्फावर चालता येत नाही. इथे फुटपाथवर जरा पांढरं दिसलं तरी बर्फ वितळवायला मीठ टाकणारी कौन्सिलची गाडी फिरेपर्यंत मी दाराबाहेर पडत नाही. बाबा येतील.

सावकाश येणार आहेस ना? म्हणजे किती सावकाश? आपली हॅरोची बस जाते तशी?

जेवत जा वेळेवर.

तुझी आई

*

बर्मिंगहॅम,
३० जानेवारी

आई,

साडी पोचली. तिला तुझ्या कपाटाचा वास आहे.

बाबा आले तर मला आनंदच आहे. पण मी तुला बोलावलं होतं. मिठाच्या गाडीचं कारण तू कस्तुरीकाकूंना सांग, मला नको.

मला काय वाटतं ते एकदा लिहून टाकते. दोन वर्षांपूर्वी त्या सुपर-जी शर्यतीत माझी स्की सुटली आणि मी जाळीत जाऊन आपटले. शुद्धीवर आले तेव्हा तू पलंगाशेजारी होतीस. अंगात कोट, मांडीवर पर्स, आणि दोन्ही हात पर्सच्या खाली. आठवडाभर तू तशीच बसलीस. मला एकदाही हात लावला नाहीस. माझे केस विंचरले ते तिथल्या नर्सनं, तिला वेणी घालता येत नव्हती तरी तिनं घातली. तू खिडकीबाहेर बघत होतीस.

मी पडून पडून विचार केला, की जिंकणाऱ्या मुलीची आई होती ही. मंडळात पहिल्या रांगेत बसायची. आता माझ्यामुळे ते गेलं. तुला वाईट वाटलं असेल तर तो तुझा हक्क आहे. पण निदान एक दिवस येऊन खाली उभी राहू शकली असतीस. लोक तर मांजर मेलं तरी भेटायला येतात.

परवा शनिवारी मावशीकडे जाते आहे काष्टा शिकायला.

बसपेक्षा जरा जोरात येईन. पण तुला काय त्याचं?

अन्वी

*

बर्मिंगहॅम,
१६ फेब्रुवारी

आई,

तुझं उत्तर आलं नाही. आलं असतं तरी हे लिहायचंच होतं.

मावशीकडे तीन शनिवार गेले. काष्टा आता मला एकटीला जमतो. पहिल्याच दिवशी ती माझ्याभोवती फेऱ्या मारत साडी खोचत होती आणि तोंड अर्थातच चालू होतं.

"स्टँड स्ट्रेट अगं, आणि तो नी लॉक करू नकोस. तुला माहितीये, तू पहिलं गोल्ड जिंकलीस तेव्हा मी पिनरलाच होते. तुझा बाबा राजीव तर लिटरली नाचत होता. नेबर्स शॅम्पेन घेऊन आले. मी किचनमध्ये गेले, सीमाला म्हटलं, अगं, आता तरी त्या बाळकृष्णाला बाहेर काढ, गारठला असेल बिचारा. तर म्हणते कशी, 'माझं मागणं अजून पुरं नाही झालं.' मी म्हटलं, गोल्डच्या वर काय असतं गं? तर चहा टाकायला वळली. मला वाटलं, हिला आता ऑलिंपिक पण हवंय. ऑनेस्टली, अन्वी, मला माझ्या बहिणीची जरा लाजच वाटली."

ती हसत होती. मी निऱ्या हातात धरून उभी राहिले. मग विचारलं, "मग बाहेर कधी काढला?"

"ते मात्र मी डोळ्यांनी बघितलंय. तुझा ॲक्सिडेंट झाला, हॉस्पिटलला निघायचं होतं. टॅक्सी दारात, राजीव हाका मारतोय, आणि ही बाई शांतपणे देव पुसतेय. इतकी वर्षं पाण्यात होता तो, आणि काढला कधी, तर त्या दिवशी. मला तेव्हा काही कळलंच नाही."

मावशीला अजूनही कळलेलं नाही. मला बसमध्ये कळलं. माझा स्टॉप मागे पडला आणि मी बसूनच राहिले.

आई, तू मी जिंकावं म्हणून देव पाण्यात ठेवत नव्हतीस. तू मी हे सोडावं म्हणून ठेवत होतीस. खरं ना?

मी वर स्टार्ट गेटमध्ये काय करायचे ते कुणालाच ठाऊक नाही. बाकीच्या डोळे मिटून वळणं आठवतात. मी वळणं संपली की आपलं स्वयंपाकघर आठवायचे. ताम्हणात देव, समोर तू. आई मागे उभी आहे असं म्हणायचे आणि स्वतःला खाली ढकलून द्यायचे. ताशी सव्वाशे किलोमीटरला माणूस घाबरत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. मी दरवेळी घाबरायचे. त्या ताम्हणाच्या जोरावर जायचे. आणि तू दुसऱ्याच बाजूनं ओढत होतीस.

हो की नाही, एवढंच लिही.

अन्वी

*

पिनर,
२४ फेब्रुवारी

चि. अन्वी,

हो.

आता पुढचंही वाच. तू सोळा वर्षांची असताना तुझ्या शाळेतल्या त्या गोऱ्यापान मुलीचं सरावात काय झालं ते तुला आठवतंय. तू मला फोनवर सांगितलंस आणि मग म्हणालीस, "उद्या ट्रेनिंग आहे, ठेवते." मी फोन ठेवला आणि बाळकृष्णाला पाण्यात घातलं. म्हटलं, हिचं हे वेड सुटू दे. दर हिवाळ्यात तेच म्हटलं. मंडळातल्या बायका समजल्या की मी सुवर्ण मागते आहे. मी त्यांना समजू दिलं. मुलगी हरावी म्हणून देवाला साकडं घालणाऱ्या आईला कुणी तिळगूळ तरी दिला असता का?

बाबा बाहेर टीव्हीवर बघायचे. मी स्वयंपाकघराचं दार लावून धूर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर पंखा चालू करायची, म्हणजे त्या कॉमेंट्रीवाल्याचा आवाज ऐकू येऊ नये. तू खाली पोचलीस की बाबा दारावर टकटक करायचे. कितवी आलीस ते मी कधी विचारलं नाही. "उभी आहे ना?" एवढंच विचारायची. सुवर्ण आलं त्या दिवशीही तेच विचारलं, आणि त्यांना इतका राग आला की ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्या सुपर-जीच्या दिवशी टकटक झालीच नाही.

मी सुटू दे म्हटलं होतं, अन्वी. मोडू दे म्हटलं नव्हतं. पण टॅक्सी दारात असताना माझ्या मनात आलं, की मागणं तर पुरं झालं. आता देव पाण्यात ठेवले तर तो आणखी काय काय पुरं करेल कुणास ठाऊक. म्हणून आधी बाहेर काढले. आणि तिथे तुझ्याजवळ बसले तेव्हा हे हात तुला लावायची मला भीती वाटली. पहिल्या रांगेच्या खुर्चीचं तुझ्या डोक्यात कुठून आलं? त्या खुर्चीत बसले की मला कधी एकदा घरी जाते असं व्हायचं.

माफी मागायला हे लिहीत नाही. मी तुझी आई आहे, कोच नाही. पुन्हा तू सोळाची झालीस तर मी पुन्हा तेच मागेन. पण तू वर उभी राहून माझ्या स्वयंपाकघराकडे बघत होतीस, हे मला माहीत नव्हतं. तेवढं मला ठाऊक असतं तर मी काय केलं असतं, याचा विचार आठवडाभर करते आहे.

बाबांनी दोघांची तिकिटं काढली आहेत. बर्फाचे बूट घेतले, हॅरोत सेल होता. यंदा देव कोरडे आहेत आणि कोरडेच राहतील. मी काही मागणार नाही, नुसती बघणार आहे. काष्टा दोनदा ओढून बघ निघण्यापूर्वी.

तुझी आई

*

बर्मिंगहॅम,
२३ मार्च

ती. आईस नमस्कार.

हीथ्रोला उतरेपर्यंत तू बाबांशी सँडविचबद्दल बोलत होतीस आणि मी झोपल्याचं सोंग करत होते. म्हणून परत पत्र.

खाली काय झालं ते तू पाहिलंस. वर काय झालं ते सांगते. सकाळी नऊला मी साडी नेसून तयार होते. वरून जॅकेट, पायात बूट, काष्टा दोनदा ओढलेला. स्टार्टच्या लाकडी खोलीत सगळ्या मुली माझे फोटो काढत होत्या. एका इटालियन मुलीनं विचारलं, हे किती लांब आहे, तर मी अख्खा पदर उलगडून दाखवला. तेव्हा खालचं फिनिश स्पष्ट दिसत होतं. मी दुर्बिणीतून बघितलं. तुझी लाल टोपी दिसली. तू बाबांचा दंड धरून उभी होतीस.

मग दरीतून धुकं वर आलं. आम्ही म्हणालो, जाईल. पंधरा मिनिटांनी पुढे ढकललं, मग अर्धा तास, मग आणखी अर्धा. मी प्रत्येक वेळी उठून स्की बांधायचे आणि परत सोडायचे. दुपारी वॉकीटॉकीवर सांगितलं की रेस रद्द. सीझन संपला. माझी कोच आत येऊन काहीतरी बोलली, मला नीट ऐकू आलं नाही. मी वर, तू खाली, आणि मधला सगळा उतार पांढरा.

मी आयोजकांना विचारलं, मी एकटीच हळू आले तर? ते म्हणाले, वळणावरचं एक गेटही दिसत नाहीये, आणि तो गुडघा. बरोबरच होतं त्यांचं. मी नऊवारीत केबल कारनं खाली आले. समोर बसलेल्या बाईंनी विचारलं, कार्निव्हल आहे का आज?

आई, ऑपरेशन अकरा एप्रिलला आहे. अजून वेळ आहे. लहानपणी मी ज्या प्लॅस्टिकच्या, बिनबर्फाच्या उतारावर स्की शिकले तो अजून आहे. शनिवारी तिथे लहान मुलांचे क्लास असतात, पण सकाळी लवकर ते मला सोडतील. साडी अजून माझ्याकडेच आहे. येशील?

तुझी,
अन्वी

*

पिनर,
५ एप्रिल

चि. अन्वीस अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तू शनिवारची वाट पाहिली असशील, त्याचं वाईट वाटतं. पण नको. त्या प्लॅस्टिकच्या उतारावरची अन्वी मी पाहिली आहे. सहा वर्षांची होतीस, अंगठा खरचटला होता, आणि मी खाली तुझा कोट धरून उभी होते. तेव्हा मला मजा वाटायची. ती अन्वी माझी बघून झाली आहे. बघायची राहिली ती दुसरी, आणि तिच्याऐवजी ही चालवून घ्यावीशी वाटत नाही.

तिथे धुक्यात उभी असताना माझ्या मनात आलं, की देव पाण्यात ठेवले असते तर हे हटलं असतं का. इतकी वर्षं नको ते मागितलं आणि नेमकं या वेळी काही न मागता आले. बाबांना बोलले तर म्हणाले, हवामानाचा आणि तुझ्या ताम्हणाचा काही संबंध नाही. असेल. पण मला आता आयुष्यभर ते वाटत राहणार.

अकराला मी हॉस्पिटलमध्ये येते आहे. वीणाकडे आठ दिवस राहीन. तुझे केस मी विंचरणार, तिथल्या नर्सला आधीच सांगून ठेव.

आता शेवटचं. तुझी एकूण एक शर्यत बाबांनी रेकॉर्ड करून ठेवली आहे. त्यातली एकही मी पाहिली नव्हती. काल दुपारी त्यांना म्हटलं, हॉर्नवाल्डची पहिली लावा, सुवर्णाची. त्यांनी लावली. मी उठले आणि सवयीनं जाऊन एक्स्ट्रॅक्टर चालू केला. त्यांनी येऊन बंद केला.

तू गेटमध्ये उभी राहिलीस. डोळे मिटलेस. ओठ हलले. तू तेव्हा काय बघत होतीस ते आता मला ठाऊक आहे, आणि त्या वेळी मी खरंच स्वयंपाकघराच्या दारापलीकडे होते. मग तू निघालीस.

बसपेक्षा जरा जोरात म्हणे. खोटारडी कुठली.

मला वाटलं होतं, मी डोळे झाकेन. नाही झाकले. त्या उडीला तू हवेत गेलीस तेव्हा माझ्या तोंडून "हळू" यायला हवं होतं, इतकी वर्षं तेच आलं. पण मी ओरडले, "जा! अगं, जा!" उभी राहून ओरडत होते. बाबा म्हणाले, "सीमा, जिंकली ती. आठ वर्षं झाली." मला काय माहीत नव्हतं? तरी ओरडत राहिले. किती सुंदर उतरायचीस गं तू. हे मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं.

खाली पोचलीस, थांबलीस, गॉगल वर केलास. आजूबाजूला बाकीच्या मुलींच्या घरचे झेंडे घेऊन उभे होते. तू कठड्यापलीकडच्या गर्दीत या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलंस. कुणाला तरी शोधल्यासारखं. मग परत एकदा बघितलंस.

मी सोफ्यासमोर उभीच होते. मी हात वर केला.

तुझी आई